डोंगराकडे पाहणारा दिग्दर्शक

‘पडद्यामागचे कर्ते’ हा विषय संपादकांनी यंदाच्या अंकासाठी मुक्रर केला आणि एखाद्या दिग्दर्शकाच्या आयुष्याविषयी विस्ताराने लिहावे असे कळवले, तेव्हा डॉ. जब्बार पटेल यांचे नाव मनात येण्यास विलंब लागला नाही. परंतु त्यांच्याविषयी लिहिण्याकरिता पुण्यास किंवा दौंडास न जाता ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन डोंगराळ तालुक्यांची वाट धरली, त्यास कारण आहे. १९७७ साली पटेलांनी ‘जैत रे जैत’ हा चित्रपट केला तो ठाकर समाजाविषयी, आणि हा समाज या दोन तालुक्यांच्या वाड्यावाड्यांतून आजही नांदत आहे. गो. नी. दांडेकरांच्या ज्या कादंबरीवर तो चित्रपट बेतला तिच्यातील लिंगोबाचा डोंगर इकडचा नव्हे, कर्नाळ्याच्या बाजूचा, हे मला ठाऊक आहे. तथापि डोंगर बदलला तरी त्याच्या पायथ्याची माणसे, त्यांची राब भाजण्याची रीत, त्यांचा ढोल, त्यांचा भगत आणि कड्याला लोंबणारी आग्या माशीची पोळी ही सह्याद्रीच्या या सबंध पट्ट्यात एकाच धाटणीची आहेत. एखाद्या दिग्दर्शकाची पारख त्याच्या पारितोषिकांवरून करण्यापेक्षा ज्या माणसांचे आयुष्य त्याने पडद्यावर मांडले त्यांच्या अंगणात उभे राहून करावी, ही माझी इच्छा पुष्कळ दिवसांची होती.

बोलता न येणारा रोगी

जब्बार पटेल यांचा जन्म २३ जून १९४२ रोजी पंढरपूर येथे झाला आणि शालेय वय सोलापुरात गेले. तेथे प्राध्यापक श्रीराम पुजारी यांच्या घरी त्यांना जो आसरा मिळाला तो केवळ राहण्याजेवण्याचा नव्हता. संगीत, साहित्य आणि नाटक या तिन्हींची ये-जा असलेले ते घर होते, आणि कुमार गंधर्वांसारख्या गायकाचा सहवास त्या घरात एका शाळकरी मुलाला घडू शकत होता. पुढे कितीतरी वर्षांनी पटेलांनी कुमारजींवर ‘हंस अकेला’ हा माहितीपट केला, त्याचे बीज त्या घरात पडले असले पाहिजे.

वैद्यकाच्या शिक्षणासाठी ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आले, बालरोगतज्ज्ञ झाले आणि पत्नीसह दौंड येथे त्यांनी व्यवसाय मांडला. नाटक सुटले नव्हतेच. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमध्ये त्यांची जडणघडण झाली; १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग त्यांच्या दिग्दर्शनाखाली झाला; त्यावरून जे वादळ उठले त्यातून १९७३ साली थिएटर ॲकॅडमी ही स्वतंत्र संस्था जन्मास आली. माणसांचीच भिंत, माणसांचाच पडदा आणि त्याच माणसांचे गाणे व नाच, असा जो खेळ भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांच्या साह्याने त्यांनी बांधला, तो पाहिलेल्या प्रेक्षकाला समूह म्हणजे केवळ गर्दी नसून ते एक पात्र असते, हे निराळे सांगावे लागले नाही.

बालरोगतज्ज्ञाचा रोगी आपले दुखणे सांगू शकत नाही. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे त्या चिमुकल्या जिवाच्या रडण्याच्या सुरावरून, पोटाशी ओढलेल्या पायांवरून, आईच्या हातावर पडलेल्या मानेवरून वैद्याला ताडावे लागते. आई सांगते ते ऐकायचे खरे, पण डोळे मुलावरच ठेवायचे. पटेलांच्या चित्रपटांतील उत्तम दृश्ये पाहताना मला या शिक्षणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ज्यांना आपले दुःख मांडता येत नाही किंवा मांडू दिले जात नाही अशा माणसांपाशी त्यांचा कॅमेरा स्थिर होतो आणि वाट पाहतो. ‘सामना’मध्ये साखर कारखान्याच्या वैभवाखाली दडपलेल्या एका नाहीशा झालेल्या माणसाविषयीचा प्रश्न एक व्यसनी मास्तर सोडत नाही; ‘उंबरठा’त महिलाश्रमातील स्त्रिया बोलत नाहीत तेव्हाच अधिक सांगतात. ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत दाखल झाला, ही घटना मराठी चित्रपटसृष्टीस भूषणावह होती. परंतु माझ्या लेखी तिच्याहून मोठी गोष्ट अशी की, चित्रकला शिक्षक रामदास फुटाणे यांच्यासारखा निर्माता, तेंडुलकरांसारखा लेखक आणि दौंडचा एक डॉक्टर यांनी मिळून महाराष्ट्राच्या ग्रामीण सत्तेचे निदान केले आणि ते आजतागायत कोणी खोटे पाडलेले नाही.

प्रयोगशाळेतून ठाकरवाडीत

‘जैत रे जैत’ची मंडळी पाहावी तर नवल वाटते. दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ, नाग्याची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. पटकथेची बाजू सांभाळणारे सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे. आणि तिघांचाही संबंध पुण्याच्या त्याच एका वैद्यकीय महाविद्यालयाशी. गीते ना. धों. महानोरांची, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराखाली पळसखेड्यास स्वतः शेत कसणाऱ्या कवीची. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. निर्मिती उषा मंगेशकरांची. आणि चिंधीच्या भूमिकेत स्मिता पाटील, ज्यांना महाराष्ट्राने आधी मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्या सांगताना पाहिले होते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या त्या केंद्राने मराठी पडद्यास जे दिले त्यात हा चेहरा अग्रभागी मोजावा लागेल.

कथा थोडक्यात अशी. पुण्यवंत होण्याची आस धरलेला नाग्या ठाकर, लिंगोबावर श्रद्धा ठेवून सरळ वाटेने चालणारा, मधमाश्यांच्या हल्ल्यात डोळा गमावून बसतो आणि ज्या राणी माशीला देवाचे माणूस समजावे तीच अन्याय करते हे त्याच्या मनाला सोसत नाही. सबब डोंगरावरचे ते पोळे उतरवल्याखेरीज राहायचे नाही असा पण तो करतो. दारुड्या नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या बाजूने उभी राहते. पण सिद्धीस जातो, जैत होते, आणि त्या जैताची किंमत चिंधी आपल्या प्राणाने भरते. या चित्रपटात गाणी कथेला थांबवीत नाहीत, तीच कथा वाहून नेतात; ‘घाशीराम’मध्ये जो समूह रंगमंचावर भिंत होऊन उभा होता तोच येथे डोंगराच्या उतारावर पसरला आहे. मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळाले.

माहुलीच्या पायथ्याशी

आसनगाव स्थानकावर उतरले की उत्तरेला माहुलीचा किल्ला आपले सुळके उंचावून उभा दिसतो. १६३६ साली शहाजीराजांनी मोगलांच्या वेढ्यास येथूनच अखेरचे तोंड दिले, हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. पायथ्याच्या वाडीत मात्र किल्ल्याचा उपयोग निराळा आहे. गुरे त्याच्या उतारावर चढतात, पहिल्या पावसाआधी शेवळे आणि नंतर कवळा, करटोली या रानभाज्या तेथून उतरतात आणि त्यांच्या जुड्या बांधून बायका आसनगाव-वासिंदच्या बाजारात नेऊन बसतात. आणि कड्याच्या ओठाखाली, जेथे पाऊस पोहोचत नाही, तेथे आग्या माशीची काळी पोळी लोंबतात.

एका घराच्या ओट्यावर वाडीतला जुना ढोलकरी बसला होता. त्याने ढोल आढ्यावरून काढला, अंगणात गवताचा जाळ केला आणि दोन्ही पाने त्या धगीवर फिरवीत राहिला. मधूनमधून तो बोटाने टिचकी मारी, कान जवळ नेई, पुन्हा फिरवी. डाव्या बाजूचा आवाज त्याच्या मनाजोगता होईना. पाऊण घटकेने तो लागला तेव्हा घरातली लहान मुले कोणी न बोलावता अंगणात येऊन उभी राहिली. पावसाळी हवेत कातडे सैल पडते आणि जाळ जास्त झाला तर फाटते. हा अंदाज त्याच्या बापाने त्याला शिकवला, आणि आता त्याच्या मुलाला मात्र लग्नाच्या हंगामात डीजेच्या गाडीवर रोज मिळतो, असे त्याने कोणताही विषाद न दाखवता सांगितले.

‘जैत रे जैत’ त्याने पाहिलेला नव्हता. मी त्याला गोष्ट सांगितली. नाग्याचा डोळा गेला येथवर तो मान हलवीत ऐकत होता. चिंधीने नवरा सोडला म्हणताच त्याने मला थांबवले.

“मंग देज कोनी परत केला?” त्याने विचारले. “तिच्या बापानं का ह्या नाग्यानं? ते ठरल्याबिगर पंच तिला त्याच्या घरात राहू देनार नाय.”

ठाकरांत नवऱ्याकडून मुलीच्या बापाला देज, म्हणजे वधूमूल्य, दिले जाते आणि काडीमोड झाली तर त्याचा हिशेब पंचांसमोर मिटवावा लागतो. शहरातील प्रेक्षक चिंधीकडे एक मुक्त, तेजस्वी स्त्री म्हणून पाहतो. या माणसाने तिच्याकडे एका निवाड्यातील बाजू म्हणून पाहिले, आणि तिचे धैर्य त्याला आपल्यापेक्षा अधिक नेमके कळले, कारण त्या धैर्याला किती खर्च येतो हे त्याला ठाऊक होते.

शेजारच्या ओट्यावरून ऐकणाऱ्या म्हातारीचे म्हणणे आणखी वेगळे. तिचा नवरा तरुणपणी मध काढी. अंधारी रात्र पाहून, ओल्या पाल्याचा धूर करून, देवाला नारळ देऊन तो कड्यावर उतरे. “माशीवर राग धरून कोन मध काढतो, दादा?” ती म्हणाली. “तिचं घर आपुन घेतो. राग तिनं धरावा.”

मला वाटते, दांडेकरांच्या कल्पनेतील नाग्या आणि या वाडीतील मधकाढ्या यांच्यातील हे अंतर पटेलांनी जाणले होते. म्हणूनच त्यांनी तो चित्रपट वास्तवाचा दस्तऐवज म्हणून न करता गाण्यांतून सांगितलेली एक दंतकथा म्हणून केला. तरीही त्या म्हातारीच्या वाक्यात जो विचार आहे तो कोणत्याही पटकथेत मी वाचलेला नाही, आणि तो पडद्यावर यावयाचा राहिला आहे.

मुरबाडच्या रस्त्यावर

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता रायता, मुरबाड, सरळगाव, टोकावडे करीत माळशेज घाटाला भिडतो, आणि मुंबईपासूनच्या या सोयीच्या अंतरामुळे तसेच पावसाळ्यातील हिरवाईमुळे चित्रीकरणाच्या गाड्या या बाजूला पुष्कळदा वळतात. रस्त्यापासून आत एका शेतघराजवळ दूरचित्रवाणीच्या दैनंदिन मालिकेचे काम चालले होते. जनरेटरची गाडी बांधावर, तिच्यापासून निघालेल्या जाड केबली भाताच्या खाचराच्या कडेने गेलेल्या, मेकअपची गाडी आंब्याखाली, आणि स्पॉटदादांची चहाची किटली अखंड फिरती.

मालिकेच्या दिग्दर्शकाचे आयुष्य चित्रपटाच्या दिग्दर्शकाहून फार वेगळ्या घड्याळावर चालते. सोमवार ते शनिवार रोज वीस-बावीस मिनिटांचा भाग वाहिनीला पोहोचलाच पाहिजे. हाताशी चार-सहा भागांची ‘बँक’ असली तर युनिट निश्चिंत, ती आटली की रात्रीचा दिवस. संवाद कधी कधी सकाळीच येतात. कथा कोठे वळवायची हे वाहिनीचे अधिकारी आणि लेखक ठरवतात, आठवड्याचे टीआरपी आले की वळण पुन्हा बदलते. दिग्दर्शकाच्या हाती उरते ते दिलेल्या जागेत, दिलेल्या उजेडात, दिलेल्या नटांकडून ते दृश्य खरे वाटेल असे काढणे. हे काम हलके मानण्याची जी रीत आपल्या समीक्षकांत आहे ती मला अन्यायाची वाटते. पटेलांच्या पिढीला कच्च्या फिल्मचा फूट न् फूट जपावा लागे, आणि चित्रित केलेले दृश्य कसे उतरले हे प्रयोगशाळेतून धुऊन येईपर्यंत कळत नसे. आजच्या दिग्दर्शकापुढे मॉनिटरवर सर्व काही तत्क्षणी दिसते, परंतु पाहण्यास वेळ नाही.

त्या दिवशीचे दृश्य साधे होते. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बायका पाठीमागून जातात आणि पुढे नायिका फोनवर बोलते. बायका जवळच्या पाड्यावरून रोजाने आणलेल्या. एक सहायक मुलगी मोबाईलवरचे सकाळचे छायाचित्र हाती धरून प्रत्येकीच्या पोटरीवरचा चिखल पडताळीत होती. एकीचा वाळून पडला होता, तेव्हा तिने खाचरातला ओला चिखल चार बोटांनी घेऊन गुडघ्याखाली वीतभर, डावीकडे थोडा अधिक, असा लावला, आणि पुन्हा छायाचित्राशी ताडून पाहिला. दिग्दर्शकाने बायकांना सावकाश चालण्यास सांगितले, कारण संवाद लांब होता. दोनदा घेतले; दोन्ही वेळा त्या चौकटीतून लवकर बाहेर पडल्या. तिसऱ्या वेळी त्यांच्यातली थोराड बाई थांबून म्हणाली, “वझं डोक्यावर असलं का हळू नाय चालवत, दादा. मान मोडते.”

तो तरुण दिग्दर्शक क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने कॅमेरा मागे नेला, बायकांना त्यांच्या चालीने बांधावरून दूर जाऊ दिले आणि नायिकेचा संवाद त्या दिसेनाशा झाल्यावर सुरू केला. या फेरबदलात अर्धा तास गेला आणि निर्मितीप्रमुखाच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण त्या दिवशी चित्रित झालेल्या सर्व दृश्यांत तेच एक मला खरे वाटले. दौंडच्या डॉक्टरांनी ज्या रीतीने आपला रोगी पाहिला असता त्याच रीतीने या मुलाने त्या बाईला पाहिले.

पडद्यावर न आलेला मुलूख

जब्बार पटेलांनी पुढे पुष्कळ केले. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून ‘सिंहासन’ केला आणि मंत्रालयाच्या दालनांतील सत्तेचा व्यवहार पत्रकार दिगू टिपणीसच्या डोळ्यांनी दाखवला. १९९२ साली पु. ल. देशपांड्यांच्या लेखणीतून आलेला ‘एक होता विदूषक’ केला आणि ज्यांना लोकांनी केवळ हसण्यासाठी राखून ठेवले होते त्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यातील शोकात्म नट उजेडात आणला, ‘मुक्ता’ केला, मामुट्टी यांना घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भव्य चरित्रपट केला, ज्यातील भूमिकेसाठी मामुट्टींना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची धुरा त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ वाहिली आणि शंभराव्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे चालत आले. या सर्व कामात मला ‘जैत रे जैत’ पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो, कारण सत्तेचे आणि शहराचे चित्रण करणारे आणखी काही जण झाले. डोंगराकडे इतक्या आदराने पाहणारे थोडे.

आणि पाहण्यासारखे येथे काय उरलेले नाही! मुंबईची तहान भागवणारे तानसा धरण १८९२ साली शहापूरच्या या रानात पुरे झाले. पुढे वैतरणा आणि भातसा झाली. जलवाहिन्या वाड्यांच्या कडेने जातात, आणि त्याच वाड्यांतील बायका चैत्र-वैशाखात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात किंवा टँकरची वाट पाहतात. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. उचल फिटली की नाही हे मुकादमाच्या वहीत असते आणि ती वही त्यांना वाचता येत नाही. मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रज पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्या रानात त्यांच्या दस्त्याला वाट दाखवणारी, भाकरी पोहोचवणारी माणसे कोण होती, याची कथा त्यांच्या वारसांच्या तोंडून ऐकणे अद्याप शक्य आहे. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तेथे बैलांचा बाजार आणि घोंगड्यांची दुकाने यांच्या मध्ये तंबूंतून तमाशाचे खेळ होतात.

हे सर्व चित्रित करण्यास बाहेरून दिग्दर्शक यावा, अशी अपेक्षा मी करणार नाही. पटेल बाहेरचेच होते आणि त्यांनी बाहेरच्या माणसाला जितके साधेल तितके साधले. पण देज कोणी परत केला हा प्रश्न विचारणारा आणि राग माशीने धरावा असे म्हणणारी, ही माणसे आतली आहेत. त्यांची नातवंडे शासकीय आश्रमशाळांत शिकत आहेत. पूर्वी कॅमेरा ही मिरासदारांची वस्तू होती. आता ज्या फोनवर त्या मालिकेतील सहायक मुलगी चिखल पडताळीत होती तसला फोन या मुलांच्या घरातही आहे. त्यांना उणीव आहे ती चांगले पाहण्याच्या सवयीची, आणि ती सवय चांगले चित्रपट पाहूनच लागते.

शहापूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्याच्या कक्षेत दोन्ही तालुक्यांतील आश्रमशाळा येतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे नाट्य-चित्रपटाची आवड असलेल्या संस्था आणि माणसे मुबलक आहेत. त्यांना माझी विनंती अशी की, या हिवाळ्यात, भट्टीवर जाणारी कुटुंबे निघण्यापूर्वी, एक पडदा, एक प्रक्षेपक आणि ‘जैत रे जैत’ची रीतसर परवानगी मिळवलेली प्रत घेऊन आश्रमशाळेच्या पटांगणात एक खेळ लावावा, त्यास आसपासच्या वाड्यांतील वडीलधाऱ्यांना अगत्याने बोलवावे, आणि खेळ संपल्यावर दिवे लावून त्यांना काय खटकले ते मुलांच्या देखत विचारावे. या कामी पुढे येणाऱ्यांनी या अंकाच्या संपादकांकडे पत्र लिहावे. वाड्यांची आणि शाळांची वाट दाखवण्याचे काम मी करीन.